बंद भट्टीला पाणी

भट्टी विझली की लगेच आतली वीट हातात धराल का? आमच्या नालासोपाऱ्याचे शरदचंद्र सावे अणुवीज केंद्रात सुरक्षा तपासनीस आहेत. अणुभट्टी बंद केली तरी आत उष्णता उरते, म्हणून आणीबाणीत थंड पाणी सोडणारा एक पंप तरी कायम तयार लागतो. गेल्या शटडाऊनला केंद्राच्या साहेबांना दोन्ही पंप एकदम खोलून दुरुस्ती उरकायची होती. सावेंनी परवानगी नाकारली.

"अहो सावे, बंद भट्टीला कसली तहान?" साहेब हसले, आणि दुसऱ्याच दिवशी सावेंना निलंबित केलं.

शेजारीही टोमणे मारतात, "काय काका, नडायची हौस फिटली का?"

अरे, तुमच्याच पोरांसाठी नडला तो माणूस! सोमवारी त्यांची चौकशी आहे. घरात बसून हळहळू नका, केंद्राच्या फाटकाशी आमच्याबरोबर उभे राहा.