उजवा कौल

माझा मोठा भाऊ मुंबईहून क्षय घेऊन आला, ते साल दोन हजार. रत्नागिरीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात या आजाराचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'छातीचं' म्हणत. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी केशरी झाली, तेव्हा दादा म्हणाला, "औंदा हापूस लवकर आला."

थोड्याच महिन्यांत खोकला थांबला, भूक परतली, थुंकीत जंतू दिसेनात. तरी गोळ्या सोडू नका, असं दवाखान्यात बजावलं होतं. पण शिमगा तोंडावर आला होता, दादाला पालखी नाचवायची होती आणि गोळ्यांनी त्याला मळमळायचं. मग आबांनी, आमच्या वडिलांनी, अडलेल्या वेळी गाव करतो तेच केलं. देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि आबांनी विचारलं, "पोराचा दुखणा गेला काय?" उजवी कळी पडली, म्हणजे होकार. गोळ्या फडताळात गेल्या. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या शिमग्याआधी दुखणं परतलं. या खेपेला गोळ्या लागू पडल्या नाहीत. दादा गेला. आबांनी देवळाची पायरी चढणं सोडलं, पालखी दारात आली तरी ते आत बसून राहायचे.

नंतर मी रत्नागिरीला कॉलेजात जंतुशास्त्र विषय घेतला. एकदा बाईंनी क्षयाच्या जंतूचा एक निरुपद्रवी भाऊबंद निळं रंगद्रव्य घातलेल्या नळीत बंद करून ठेवला. आतला प्राणवायू संपत आला तसा निळा रंग उडाला. बाई म्हणाल्या, हवा एकदम तोडली तर हे मरतात. हळूहळू कमी झाली तर त्यांना ते कळतं, मग वाढ थांबवून ते पडून राहतात. छातीत शरीर क्षयाच्या जंतूंभोवती गाठ बांधतं, तिथेही असंच होतं. वाढणाऱ्या जंतूंना औषध लवकर मारतं, या पडून राहिलेल्यांना मारायला फार वेळ लागतो. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या चालूच ठेवायच्या.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हे आबांना सांगितलं. देवीवरचा त्यांचा राग जावा, एवढंच मनात होतं. ते ओटीवर सुंभ वळत होते. वळता वळता हात थांबला.

"म्हंजे तेवा रोग निजलेला?"

"हो, आबा."

"मंग देवी खोटा नाय बोलली. मीच 'दुखणा गेला काय' इचारला, नि दुखणा गेलाच व्हता. रोग निजलाय काय, ता नाय इचारला."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आबा देवळात गेले. देवीवरचा राग गेला होता. तो आता कुणावर होता, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं, आणि आपण गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.