बंदूक बाहेर ठेवा

निवडणूक लागली होती, म्हणून परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होत होत्या. त्या दिवसांत चोरखमारा गावाकडचा एक म्हातारा आमच्या पोस्टात आला. खांद्यावर ठासणीची भरमार बंदूक, हातात मुलीला पाठवायचं पार्सल.

"बाबाजी, बंदूक आत चालत नाही. सरकारी जागा आहे," मी खिडकीतून म्हणाले. "बाहेर कुणाजवळ तरी द्या."

तो चिडला नाही. "भाऊ आहे ना संगं," म्हणाला. बाहेर जाऊन त्यानं बंदूक कडुनिंबाला टेकवली, खांद्यावरचा दुपट्टा झाडाखाली पसरला आणि हळूच म्हणाला, "बस इथंच. आलोच मी."

मला दारातून झाड दिसत होतं. तिथं कुणीच नव्हतं.

पार्सल तोलताना मी विचारलं, "भाऊ कुठं आहे, बाबाजी?"

"आम्ही दोघं धानाची राखण करून राहिलो होतो. मी बंदूक घेऊन घरी जेवाले आलो, अन् वाघानं त्याले नेलं. तवापासून तो बंदुकीले सोडतच नाही." पावती खिशात घालता घालता तो थांबला. "आता ठाण्यात ठेवली तं तोही तिथंच राहीन. त्याले अंधाराचा भेव वाटते, बाई. तिथं रातच्याले लाइट राहते काय?"

"असतो, बाबाजी. रात्रभर," मी म्हणाले. खरं तर मला ठाऊक नव्हतं.

तो निघाला तशी मी दारापर्यंत गेले. दुपट्ट्याशेजारी गावातलं एक कुत्रं मान वर करून, डोळे मिटून बसलं होतं. कुणी गळ्याखाली खाजवत असावं तसं. म्हाताऱ्यानं बंदूक आणि दुपट्टा उचलला. "चाल," म्हणाला. कुत्रंही उठलं आणि त्याच्यापासून एका माणसाएवढी जागा सोडून, शेपूट हलवत चालत गेलं.