चेअरमनच्या हातच्या अक्षता

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त भटजी काढत, पण लग्न लागायचं ते चेअरमन आल्यावर. मांडव भरलेला असे, नवरानवरी पाटावर उभी असत, लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झालेल्या असत, आणि लाऊडस्पीकरवरून कुणीतरी सांगत असे की साहेब निघालेत, वाटेत आहेत, शांत राहा. मुहूर्त टळे. मग भटजी त्याच पंचांगातून दुसरा, पहिल्याहून चांगला मुहूर्त काढून देत. यात कुणाला अपमान वाटत नसे. उलट ज्याच्या लग्नाला चेअरमन आले नाहीत त्याचं काहीतरी बिनसलंय हे गाव ओळखे आणि त्याच्या ओट्यावर बसायचं बंद करी.

हे बहात्तरचा दुष्काळ पडायच्या थोडं आधीचं. आमचं गाव श्रीरामपूरच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावरचं. पाणी होतं म्हणून ऊस होता, ऊस होता म्हणून कारखाना होता आणि कारखाना होता म्हणून चेअरमन होते. आम्ही पोरीबाळी मात्र हे उलटं शिकलो होतो. चेअरमन आहेत म्हणून कालव्याला पाणी येतं, असंच आम्हाला वाटे.

त्यांना मोठं करणाऱ्यांत माझे वडीलही होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कारखाना उभा राहायचा होता तेव्हा चेअरमन सायकलवरून गावोगाव हिंडत, सभासद व्हा म्हणून लोकांचे हात धरत, आणि आमच्या गावात आबा त्यांच्याबरोबर दारोदार फिरत. दुपारी चेअरमन आमच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन ओट्यावर घोंगडी टाकून पडत. माझी आजी गेली तेव्हा त्यांनी तिरडीला खांदा दिला होता. माणूस काही विसरत नसे. कुणाच्या बैलाचं शिंग मोडलंय, कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय, सगळं तोंडपाठ. लोकांना वाटे, केवढी ही माया. मायाही असेल. पण ज्याला आपलं सगळं ठाऊक असतं त्याला आपलं कुठे दुखतं हेही ठाऊक असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी ज्येष्ठात माझी सुपारी फुटली. मुलगा आमच्याच कारखान्याच्या लॅबोरेटरीत रस तपासायच्या कामावर होता, अजून कायम झालेला नव्हता. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही पोह्यांची बशी सांभाळत खालमानेने. त्यामुळे चेहऱ्यापेक्षा त्याचे पायच मला जास्त नीट आठवत होते. मला तो आवडला होता. लग्न माघात करायचं ठरलं.

मध्ये भाद्रपदात कारखान्याची वार्षिक सभा आली. सभेची एक ठरलेली रीत असे. सेक्रेटरी विषय वाचायला लागले की त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगेतून ‘मंजूर’ असा आवाज उठे आणि मागचे लोक तो झेलत. सगळे विषय संपले की चेअरमन माईकपुढे येत आणि म्हणत, कारखाना तुमचा आहे, कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा. हे वाक्य दरवर्षी असे. ते झालं की लोक चपला शोधू लागत, कारण त्याच्यानंतर बुंदीचं जेवण असे. आमच्या आबांनी त्या वर्षी ते वाक्य खरं धरलं आणि ते उभे राहिले.

ऊस कधी तोडायचा हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. कारखाना तोड देतो, मग कोयतेवाल्यांची टोळी शेतात येते. वेळेवर तोड मिळाली नाही तर उसाला तुरा येतो, तो आतून पोकळ होतो आणि उभ्या उभ्या वाळून सरपण होतो. आबांनी एवढंच विचारलं होतं की, तोड लागवडीच्या तारखेप्रमाणे द्यायची असं आपण सगळ्यांनीच ठरवलंय, तर चेअरमनच्या पाहुण्यांचा ऊस आमच्या मागून लावलेला असून आमच्या आधी कसा तुटतो. पुढच्या रांगेतल्यांनी माना मागे वळवल्या म्हणे. चेअरमन हसले आणि म्हणाले, “चांगलं इचारलं. सवडीनं बोलू.”

आबांना तेच उत्तर वाटलं. घरी आले ते खुशीत होते. आईने विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कोण उठलं. कुणी नाही, आबा म्हणाले. आई भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली आणि दार लावून आली.

दसरा झाला, कारखान्याचं बॉयलर पेटलं, पाथर्डीकडच्या टोळ्या आल्या आणि माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. तोडीची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या कारखान्याच्या माणसाला आमच्याकडे चिटबॉय म्हणत. एरवी तो आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय पुढे जात नसे. आता सायकल आमच्या दारावरून जाताना त्याला पुढच्या चाकात काहीतरी फार बघण्यासारखं दिसे. आबांनी एकदा हाक मारली तर म्हणाला, वरून येऊ द्या की. वरून म्हणजे कुठून, हे त्याने सांगितलं नाही आणि आबांनीही विचारलं नाही.

कुणी धमकी दिली असती तर आबा भांडले असते. त्यांना भांडता येत होतं. पण कुणी काही बोलतच नव्हतं. शेजारचे मळे एकेक करून रिकामे झाले आणि चहूकडच्या खोडक्यांमध्ये आमचा ऊस तेवढा पांढरे तुरे घेऊन उभा राहिला. रस्त्याने जाणारी माणसं तिकडे बघत आणि लगेच दुसरीकडे बघत. मी वैरण आणायला गेले की वाळलेलं पाचट वाजे, आणि मी विळा थांबवून मागे बघे. वाळल्या उसाला काडी लागायला कितीसा वेळ लागतो. एकदा भरदुपारी एक अनोळखी माणूस आमच्या बांधावर विडी ओढत बसलेला दिसला. त्याने मला विचारलं, “लगीन कधी हाय?” मी वैरण तिथेच टाकून घरी पळाले. तो साधा वाटसरूही असेल. आता वाटतं, तसाच असेल. पण त्या दिवसापासून आबा बांधावर जाऊन बसू लागले.

पत्रिका छापून आल्या तेव्हा पहिली देवापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन आबा चेअरमनच्या बंगल्यावर गेले. त्यांना व्हरांड्यात बसवलं. त्यांच्यानंतर आलेले लोक आत जाऊन आले, चहा पिऊन गेले. दिवस कलल्यावर चेअरमन बाहेर आले. त्यांनी आईच्या गुडघ्याची चौकशी केली. पोरगी कुठे दिली म्हणून विचारलं, पत्रिका डोळ्यांजवळ धरून मुलाचं नाव वाचलं, आणि म्हणाले, अरे, हा तर आपल्याच कारखान्यातला. मग थोडं थांबून म्हणाले, “पोरगा अजून कायम झाला न्हाई, न्हाई का?”

एवढंच. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. आबा घरी आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. त्यांनी हे वाक्य आम्हाला दोनदा सांगितलं, जणू आमच्यापैकी कुणीतरी त्याचा दुसरा काही अर्थ लावून देईल.

अर्थ आमच्याआधी व्याह्यांना कळला होता. ते आठवड्याच्या आत आले, चहाला नको म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फार घाबरलेला होता. त्यांचं म्हणणं असं की, वऱ्हाड घेऊन आम्ही ठरल्या दिवशी येऊ, पण पोराच्या डोक्यावर साहेबांच्या हातच्या अक्षता पडल्या पाहिजेत. साहेब आले नाहीत तर आम्हाला विचार करावा लागेल. आमचा पोरगा त्यांच्या हाताखाली आहे. आबा मान खाली घालून ऐकत होते.

ते गेल्यावर आई म्हणाली, जा आणि पाय धरा. आबा म्हणाले, मी चुकीचं काय विचारलं ते मला सांग.

“चूक न् बरूबर तुमच्यापाशी ठिवा,” आई म्हणाली. “मांडवातनं परत गेलेली पोरगी कोन करून घेतंय, ते मला सांगा.”

मी आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवसांत चेअरमनचा राग आलाच नाही. त्यांची भीती वाटत होती आणि भीतीपुढे रागाला जागा राहत नाही. राग आला तो आबांचा. एवढे लोक चपला शोधत होते, तुम्हालाच काय नडलं होतं उठायला, असं मला त्यांना विचारायचं होतं. आबा पाय धरायला गेले नाहीत. ते रोज बांधावर जात आणि वाळत चाललेल्या उसाकडे पाठ करून बसत.

हळदीला शेजारच्या बायका आल्या नाहीत. एकीचं पोर आजारी होतं, एकीला अचानक माहेरी जायचं होतं. माझ्या आत्याने नात्यातल्या गोळा करून कशाबशा पाच सवाष्णी भरल्या. जात्यावरची गाणी त्यांनी दबक्या आवाजात म्हटली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वऱ्हाड आलं, मुलगा पारण्याच्या घोड्यावरून मांडवाच्या दारात आला, पण आमच्या गावातली माणसं मांडवात येईनात. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. सगळे फेटे बांधून, धुवट धोतरं नेसून तयार होते, आणि रस्त्यापलीकडे मारुतीच्या पारावर बसून श्रीरामपूरच्या रस्त्याकडे बघत होते. चेअरमनची जीप आली तर लग्नाला, न आली तर घरी. मला हसू यायला हवं होतं. पण मीही त्यांच्यासारखी त्याच रस्त्याकडे बघत होते.

मला पाटावर उभं केलं. मागे मामा उभा राहिला. पुढे अंतरपाट धरला गेला आणि माझ्यापुरतं जग त्या कापडाशी संपलं. कापडाखालून पलीकडचे दोन पाय तेवढे दिसत होते. ओळखीचे पाय. त्यांचा अंगठा सारखा वर होत होता, खाली होत होता. भटजी दोनदा घसा खाकरून थांबले. मुहूर्त गेला. मग व्याह्यांचा आवाज आला, अगदी हळू, आबांना सांगणारा, की पुरता अंधार पडायच्या आत काय ते ठरवा, बैलं जुंपायला सांगितलीत. आबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

तेवढ्यात जीप वाजली.

मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. पारावरून माणसं धावत आली, मांडवात चपलांचा, बोलण्याचा एकच गोंधळ झाला आणि एका क्षणात उभं राहायला जागा उरली नाही. बँडवाले घाईघाईने वाजवायला लागले. मामा माझ्या कानाशी म्हणाला, आले गं, आले. मला रडू फुटलं. मी मनातल्या मनात त्या माणसाच्या पाया पडले.

माईक खरखरला. चेअरमन बोलू लागले. उशीर झाला म्हणून त्यांनी हात जोडून माफी मागितली. या घरची भाकरी आपण खाल्लीय, या घरच्या म्हाताऱ्या माउलीला आपण खांदा दिलाय, ही आपलीच पोरगी आहे, असं सगळं ते सांगत होते, आणि मी अंतरपाटाआड डोळे मिटून मान हलवत होते. मग त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

“आबांनी भर सभेत मला एक गोष्ट इचारली हुती. त्यांनी न्हाई इचारायची तर कुनी? कारखाना त्येंचाच हाय. माझं उत्तर द्यायचं ऱ्हाऊन गेलं. आता समदी मान्सं हितंच हायेत. आबा, कारखान्याचा कारभार तुमाला मंजूर हाय का न्हाई, येवढं सांगा. म्हंजी आपन पोरीवर अक्षता टाकू.”

कुणीतरी आबांच्या हातात माईक दिला असावा, कारण त्यांचा श्वास लाऊडस्पीकरमधून साऱ्या मांडवात ऐकू येत होता. तो दोन-तीन वेळा आत गेला आणि बाहेर आला. समोरचा अंगठा थांबला. मी त्या पायांकडे बघत मनात म्हणत होते, म्हणा आबा, म्हणून टाका. मला दुसरं काहीही नको होतं. न्याय नको होता, ऊस नको होता.

“मंजूर,” आबा म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भटजींनी लगेच मंगलाष्टकं सुरू केली. अंतरपाट खाली आला तेव्हा मला समोर एक घामाघूम झालेला, सुटका झालेला चेहरा दिसला. त्याच्या खांद्यावरून पलीकडे आबा दिसले. चेअरमनचा एक हात त्यांच्या खांद्यावर होता आणि आबा सगळ्यांसारख्याच अक्षता टाकत होते. त्यांच्या अक्षता माझ्यापर्यंत पोचत नव्हत्या, मधेच पडत होत्या.

सकाळी माझी पाठवणी झाली तेव्हा आमच्या उसात टोळी शिरलेली होती. गाडी मळ्यावरून गेली. कोयत्यांचा आवाज येत होता आणि आबा बांधावर उभे होते, यावेळी उसाकडे तोंड करून. महिन्याभराने हे कायम झाले आणि आम्हाला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं.

पुढच्या भाद्रपदात पुन्हा सभा झाली. हे मांडवाच्या कामावर होते. रात्री जेवताना हसत हसत सांगायला लागले, की तुझ्या आबांना यंदा साहेबांनी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. सेक्रेटरींनी पहिला विषय वाचायला कागद नुसता वर केला, तर आबा म्हणाले मंजूर. अजून विषय वाचलाच नव्हता. सगळी सभा हसली, साहेबही हसले.

मी भाकरी थापत होते. माझ्या अगदी ओठांवर आलं की, त्यांनी जे विचारलं होतं ते बरोबर होतं, आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पण शेजारच्या क्वार्टरमध्ये तोडीच्या चिठ्ठ्या काढणारे शेतकी ऑफिसर राहत आणि आमची खिडकी त्यांच्या अंगणावर उघडत असे. मी उठले, खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसले. लावून घेतल्यावरही मी ते बोलले नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि ह्यांना विचारलं, आमटी वाढू का.