चाकातली काळी माती

कारंजा गावातल्या कापडाच्या दुकानात माझा पुतण्या काउंटरमागे कापड मोजत असतो, तेव्हाही त्याच्या टाचा वर-खाली होत असतात. गिऱ्हाईक रंग ठरवेपर्यंत त्याला धीर निघत नाही. "हाच न्या ना भाऊ, मस्त दिसून राह्यला," म्हणून तो कात्री उचलतो.

पावसाळा सरल्यापासून दर रविवारी तो डोंगरावरच्या सायकल शर्यतींना जातो. आपली काळी माती चाकात भरली की चाक फिरत नाही, म्हणून पाठीवरच्या पिशवीत खुरपं ठेवतो. बाकीचे स्पर्धक त्याला हसतात.

परवाची शर्यत बघायला मी त्याच्यासोबत गेलो होतो. नाल्यापाशी सगळेच रुतले. त्याने भराभर चाकं खरडली आणि सायकलवर टांग टाकली. तेवढ्यात मागून एकाने खुरपं मागितलं. हा उतरला, खुरपं दिलं आणि तिथेच येरझारा घालत राहिला, कारण पुढच्या नाल्यात ते पुन्हा लागणार होतं. तोवर कितीतरी जण सायकली खांद्यावर घेऊन पुढे निघून गेले.

परतताना तो गाडीची काच सारखी वर-खाली करत होता.

"म्या काहून देलं असन, काका?"

"पुढच्या बारीले देऊ नको," मी म्हटलं.



काल दुकानात रविवारचा विषय काढला, तर त्याने काउंटरखालची पिशवी उघडून दाखवली. आत दोन खुरपी होती.

"एक देऊन टाकाचं," तो म्हणाला. "थांबाचं कायले?"