एकही ओरखडा नसलेलं घड्याळ

डाव्या डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसायचे, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव भिंगकाका पाडलं. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. एकटी त्यांची बायको तेवढी 'अहो'वरच थांबली होती.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला काचेचं कपाट. दुरुस्ती थोडी, पारख जास्त. कुणाला माळ्यावर जुनं घड्याळ सापडलं, कुणाला घ्यायचं असलं, की पावलं आपोआप जिन्याखाली वळायची. काका मागचं झाकण उघडत. तबकडी, काटे आणि आतलं यंत्र एकाच वयाचं आहे की तीन घरचे पाहुणे एकत्र बसलेत, ते बघत. कडा नखाने चाचपत. पॉलिश मारमारून कडा गोल झालेल्या असल्या की म्हणत, "म्हाताऱ्याने केस काळे केलेत. दिसायला तरुण, बाकी गुडघे तेच." आणि तबकडी पुन्हा रंगवलेली निघाली, तर निम्म्याहून जास्त किंमत तिथेच बुडाली. हे सगळं ते एका चिठ्ठीवर लिहून देत. ती चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विकणाराही मानायचा, घेणाराही.

एका दुपारी रद्दीवाल्याने एक जाडजूड पुस्तक आणून टेबलावर टाकलं. एका जुन्या कंपनीने आपल्या दुकानदारांसाठी छापलेलं, घड्याळांच्या चित्रांचं. काका सावकाश पानं उलटत होते आणि एका पानावर त्यांचा हात थांबला. नाजूक, बारीक आकडे असलेली तबकडी, आणि कंपनीचं नाव वरच्या बाजूला नाही, काटे बसवलेल्या मधल्या खिळ्याच्या खाली. शेजारी लिहिलं होतं, की या तबकड्या एकाच वर्षी, मोजक्याच केल्या.

ही तबकडी त्यांनी हातात धरली होती. अकरा वर्षांपूर्वी.

तेव्हा एक शिवणकाम करणारी बाई रुमालात बांधून घड्याळ घेऊन आली होती. तिशीच्या आसपासची. नवरा त्याच वर्षी गेलेला. काकांनी घड्याळ उजेडात धरलं आणि ते हरखून गेले. कडा जशाच्या तशा, काचेवर एकसुद्धा ओरखडा नाही. "ज्यांनी वापरलं, त्यांनी जिवापाड जपलंय हो," ते म्हणाले होते. बाईने रुमालाची घडी घातली. मग त्यांची नजर खालच्या बाजूच्या नावावर गेली. असं नाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि जे आपण पाहिलं नाही ते खरं नाही, अशी त्या काळी त्यांची खात्री होती. 'तबकडी नंतर रंगवलेली,' असं लिहून त्यांनी चिठ्ठी दिली आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांना जुन्या घड्याळांचं वेड. खऱ्या किमतीच्या दहाव्या हिश्शात त्यांनी ते घेतलं. बाईने एका शब्दाने घासाघीस केली नाही.

संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या काकांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, पण हे कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली.

"मला कळलं ना."

तिने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि आणखी एक पोळी वाढली. "मग आधी जेवा. उपाशीपोटी खरं बोलायला गेलात, तर आवाज फुटायचा नाही."

दुसऱ्या दिवशी गाल धरून बसलेल्या रोग्यांच्या रांगेत काकाही बसले. नंबर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "या, या. दाढ का?" काकांनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं, आपली चूक सांगितली आणि बाईचं ते घड्याळ परत द्याल का, असं विचारलं. डॉक्टरांनी खणातून घड्याळ काढलं, चित्राशेजारी धरलं आणि कितीतरी वेळ ते दोन्हींकडे बघत राहिले.

"हे मला सांगायची काय गरज होती?" ते शेवटी म्हणाले. "नुसतं परत मागितलं असतंत, तर घेतलं त्याच भावात दिलं असतं मी."

"म्हणूनच सांगितलं. एक चूक नकळत झाली. दुसरी कळून सवरून नाही करायची."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "व्यवहार तो व्यवहार, काका. मी काही ते फुकट देणार नाही. पण तुमच्याकडचं ते ठोके देणारं खिशातलं घड्याळ मी किती वर्षं मागतोय, तुम्हाला माहीत आहे."

ते घड्याळ काकांच्या उस्तादांचं. म्हातारपणी हातातली हत्यारं सुटली तेव्हा उस्तादांनी ते काकांच्या हातात ठेवलं होतं आणि त्यानंतर महिन्याभरात ते गेले होते. काकांनी त्याची किंमत कधी केलीच नव्हती. त्यांनी पुस्तक मिटून काखेत घेतलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी आणून देतो."

आणि दिलं, बदल्यात बाईचं घड्याळ घेतलं. देण्याआधी चावी भरली, ठोके शेवटचे ऐकले, आणि घरी बायकोला कपाटातली त्याची रिकामी जागा पुसून घ्यायला सांगितली.

बाईची शिवणाची खोली शाळेच्या मागे होती. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले गणवेश. काकांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि जे घडलं ते सगळं, काही न लपवता सांगितलं. "ताई, माझ्या अडाणीपणाने तुमचं नुकसान झालं. हे तुमचं आहे."

बाईने खडू आणि कात्री बाजूला सारली. घड्याळाला मात्र हात लावला नाही.

"काका, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, ज्यांनी वापरलं त्यांनी जिवापाड जपलंय. आठवतं?"

"आठवतं."

"हात उगारायच्या आधी ते हे घड्याळ काढून ठेवायचे. रुमाल पसरून, त्यावर. मग दार लावायचे." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती, कुणाच्या तरी मापांची वही वाचावी तशी. "घड्याळाच्या पट्ट्याची पिन सुटल्याचा आवाज आला, की मी मुलीला शेजारी पाठवायचे. सहा वर्षं. काचेला ओरखडा कुठून येणार?"

चाळीस वर्षं ते घड्याळावरून माणसं सांगत आले होते. लोक माना डोलवायचे, आणि काकांनाही ते आवडायचं. आता त्यांना समोरच्या बाईकडे बघवेना.

"तुम्ही कमी किंमत सांगितलीत; फुकट नेलं असतंत, तरी मला काही फरक पडला नसता," बाई म्हणाली. "ते घरातून जायला हवं होतं."

"मग परत घेऊन जाऊ?"

हातातली टेप तिने बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"नाही," ती म्हणाली. "का म्हणून? अकरा वर्षं 'सुटले' एवढ्यातच मी समाधान मानलं. पण पैसे माझेच ना?"

"तुमचेच."

"मग विका. चांगली किंमत येईल तिथेच विका. फक्त इथे ठेवू नका. आत्ताच घेऊन जा."

काकांनी घड्याळ खिशात घातलं. पुढचे चार महिने ते त्यासाठी वणवण फिरले. दोन व्यापाऱ्यांना तोंडावर नाही म्हणाले, तिसऱ्याशी भांडले, आणि शेवटी लिलावात ते योग्य हातांत गेलं. पैसे थेट बाईच्या खात्यात पडले. काकांनी दलाली घेतली नाही. डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी उस्तादांचं घड्याळ परत देऊ केलं, असं कुणी सांगेल तर ते खोटं आहे. त्यांनी ते दिलं नाही, आणि काकांनीही मागितलं नाही.

दुकान त्यानंतर आणखी पाच वर्षं चाललं. चिठ्ठीवर काका आता 'माझ्या पाहण्याप्रमाणे' एवढे शब्द आधी लिहीत. एका मुलाने वडिलांचं घड्याळ दाखवून विचारलं, "काका, माणूस कसा होता, हे यावरून कळतं म्हणे?" काका म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. माणसाचं आईला विचार."

बाईने शेजारची खोली घेतली, आणखी तीन मशीनं आणली, चौघींना कामावर ठेवलं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. काका एकदा त्या बाजूने चालले असताना बाईने आतून हाक मारली आणि चहा दिला. तिने आभार मानले नाहीत, झालेल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चारही मशीनं चालू होती, त्यामुळे बोलणं तसंही अवघडच होतं. निघताना ती दारापर्यंत आली.

"एकटेच काय येता?" ती म्हणाली. "पुढच्या वेळी काकूंनाही घेऊन या."

पुढच्या आठवड्यात ते बायकोला घेऊन गेले.