शपथ सुटली, सही नाही

समजा, तुमच्या हातात शाईचा पॅड आहे आणि कर्जतच्या डोंगरपायथ्याच्या एका वाडीत घरोघर फिरून तुम्हाला अंगठे घ्यायचे आहेत. पहिला अंगठा नुसता काळा डाग होऊन उमटेल. लाकूड तोडून, भात लावून इथल्या अंगठ्यांवरच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या मशीनलाही त्या सापडत नाहीत. म्हणून आधी अंगठा कोरडा पुसायचा, थोडं तेल लागावं म्हणून ज्याच्या त्याच्याच केसांवरून एकदा फिरवायचा, शाई हलकी घ्यायची आणि नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो कागदावर लोळवायचा. आणि प्रत्येकाला सांगायचं, की हा अंगठा एका माणसाला फासावर चढवण्यासाठी आहे.

जनाने चार दिवसांत असे एकशे बारा अंगठे घेतले. एकदाही तिचा आवाज कापला नाही.

तिची मुलगी सुरेखा कळंबजवळच्या एका बंगल्यावर झाडलोट करायला जायची. तिथल्या रखवालदाराने तिचा गळा दाबला आणि तिला मागच्या विहिरीत टाकलं. तीन वर्षं खटला चालला. निकालाच्या दिवशी वकील म्हणाले, "जन्मठेप झाली."

"म्हंजे जेवनार तो?" जनाने विचारलं.

वकील फाईल बांधू लागले.

"रोज? दोन टायम?"

तेव्हापासून भाताचा घास उचलला की तिला तुरुंगातलं ताट दिसे.

दहिवलीत झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या तस्लीमने तिचा अर्ज टाईप करून दिला. फाशीसाठी सरकारने वरच्या कोर्टात अपील करावं, असा. "मावशी, अंगठे छान आलेत," तस्लीम म्हणाली, "पण आमदारांच्या ऑफिसात सरपंचाचं पत्र मागतात. त्यांच्या सहीचं. आणि मुदतीचे पंधराच दिवस राहिलेत."

जना कित्येक महिन्यांनी हसली. सरपंच रोहिदास वाडीतलाच, आणि त्याला निवडून आणलं होतं तिनेच.

रोहिदासने तस्लीमकडून टाईप करून आणलेलं पत्र दोनदा वाचलं आणि खाली ठेवलं. "काकी, ह्याच्यावर माजी सही नाय होनार."

"का रं? बोटं मोडली काय?"

"तूच तं शपथ घातलीस, वाघोबासमोर."

जनाला ते आठवलं. आधीच्या सरपंचाने कुठल्याशा रिसॉर्टच्या कागदावर सही केली होती. भर पावसात वाडीतल्या म्हाताऱ्या पदूची झोपडी पाडली गेली आणि तो आठवड्यात गेला. म्हणून निवडणुकीआधी तिने रोहिदासला वाडीच्या देवाच्या, वाघोबाच्या दगडापाशी नेऊन नारळावर हात ठेवायला लावला होता: कुणाचा जीव जाईल अशा कागदावर सही करणार नाही. मगच वाडीने एकगठ्ठा मतं टाकली.

"ती पदूसारख्यांसाठी व्हती! त्या कुत्र्यासाठी नाय!"

"नाव कुनाचंच नव्हतं घेतलं, काकी."

जना तडक गोमाकडे गेली. वाघोबाची पूजा त्याच्याकडे. घातलेली शपथ सुटते का, तिने विचारलं.

"जिनं घातली तिनंच सोडवायची. समद्यांदेखत, तोंडानं बोलून," गोमा म्हणाला. "पन जना, सुटली का समद्यांसाठी सुटली. उद्या तुजंच घर पाडायचा कागद आला तं?"

"पाडू दे. तो लटकलेला ऐकला का मी झाडाखाली झोपंन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी जमली. जनाने नारळावर हात ठेवला. "जीव गेला तरी चालंल. रोहिदास मोकळा," ती मोठ्याने म्हणाली आणि नारळ दगडावर फोडला. पहिला तुकडा तिने रोहिदासला दिला आणि त्याच्यापुढे पेन धरला.

रोहिदासने खोबरं खाल्लं. पेन घेतला नाही.

"आता काय आडवं आलं?"

"काकी, शपथ व्हती तवर बरं व्हतं. तिच्याआड लपलो व्हतो मी. आता खरं सांगतो. कुनाला मारा म्हनून माज्या हातनं पत्र नाय निघनार. तुमचा ठराव करा, अंगठे जोडा, मी सोता नेऊन देतो. पत्र नाय."

"एकशेबारा हायेत रं. तुज्या बायकोचा बी हाय त्यात."

"म्हाईत हाय. कालपासनं मला भाकर वाढली नाय तिनं."

कुणीतरी फिसकन हसलं. जनाने तिकडे पाहिलं, तसं हसणं थांबलं.

"सुरेखा तुला दादा म्हनायची," ती म्हणाली.

रोहिदासचे डोळे भरले. पण हात मांडीवरच राहिले. "पुढल्या टायमाला पाडा मला."

"पाडनारच. डिपॉझिट बी ठिवनार नाय तुजं."

ठराव आणि अंगठे घेऊन तो खरंच आमदारांच्या ऑफिसात गेला. पत्राविना. मुदत उलटली, अपील झालं नाही. पत्र असतं तर झालं असतं का, हे कुणालाच सांगता येत नाही. जनाला मात्र शंका नाही.

येत्या निवडणुकीत रोहिदासच्या विरोधात त्याच्या बायकोलाच उभं करायचं तिने ठरवलंय. तिला पटवायला जना रोज दुपारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते, रोहिदास समोरून गेला तरी उठत नाही. नवी शपथही तिने तयार ठेवलीय: वाडी सांगेल तिथे सही. जीवाचं त्यात काही नाही.

बाजाराला गेली की ती तस्लीमच्या दुकानात डोकावते. अंगठ्यांच्या कागदांची एक प्रत तिथल्या कपाटात आहे. ती काढून घेते, बोटाने एकेक अंगठा चाचपते आणि तेच विचारते:

"पोरी, तू शिकलीस, तू सांग. एकशेबारा जनांनी हो म्हटलं अन् एकानं नाय म्हटलं, तं त्या एकाचंच का चाललं?"