पेडण्याचा अभिनेता

छापून आलेल्या बातमीवर वार्ताहर वहीत काट मारतो. तीसेक वर्षांत माझ्या बऱ्याच वह्या भरल्या, पण काही पानांवर काट मारायची राहूनच गेली. त्यातली निम्मी पानं एकट्या विश्रामची!

विश्राम म्हणजे पेडणे बाजारातला टेलर. तेरेखोलच्या किल्ल्याजवळ एका सिनेमाचं शूटिंग झालं, तिथे हा दोन दिवस जाऊन आला आणि परतला तो 'अभिनेता' होऊनच. सिनेमा यायचा होता. तोवर त्याचं एकच मागणं: पेपरात नाव येऊ दे, आणि नावामागे 'अभिनेते' लावा.

मला अशा लोकांचा भयंकर राग. रस्त्याला खड्डे, नळाला पाणी नाही, आणि यांना प्रसिद्धी हवी!

एकदा तो प्रेसनोट घेऊन आला. 'सुप्रसिद्ध अभिनेते विश्राम यांचा वाढदिवस साधेपणाने साजरा.'

मी खवळलो. "सुप्रसिद्ध? कुठे रे?"

"छापल्यार होतलंय मा, भाऊ!"

*

फोटोखालची नावं डावीकडून सुरू होतात, हे त्याने बरोबर हेरलं होतं. उद्घाटन व्यायामशाळेचं असो की शौचालयाचं, विश्राम डाव्या टोकाला हजर! पण आमचा फोटोग्राफर पुंडलिकही काही कमी नव्हता. तो ती कड कापूनच फोटो पाठवायचा.

एकदा कापताना जरा चूक झाली. दुसऱ्या दिवशी विश्राम पेपर घेऊन दारात.

"पुंडलिक, कोपर कोणाचा ता लिवक विसारलास!"

*

केरीच्या किनाऱ्यावर तो रविवारी काळा चष्मा लावून फिरायचा. एकदा मीही सोबत होतो, तेव्हा एका पर्यटक जोडप्याने त्याच्यापुढे मोबाईल धरला. विश्रामने केस सारखे केले, छाती काढली, हसला. ते दोघे मात्र त्याच्यासमोर जाऊन खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फोटो त्यांना त्यांचाच हवा होता.

त्याने काढून दिला. चांगले चार काढले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आज मी डायरेक्टर!"

मी हसलो नाही. का, ते तेव्हा कळलं नाही.

*

साखळी गावातल्या आमच्या काही पत्रकार मित्रांनी त्याला फोन केला. "मुंबईहून बोलतोय. पोलिसाचा रोल आहे. ड्रेस घालून उद्या दुपारी साखळीच्या बसस्टँडवर थांबा."

विश्रामने रात्रभर मशीन चालवून खाकी ड्रेस शिवला, दुकान बंद ठेवलं आणि बस पकडली. भर उन्हात तीन तास उभा! समोरच्या हॉटेलात ही मंडळी भजी खात हसून लोळत होती. खऱ्या पोलिसाने हटकलं तर त्यालाही म्हणाला, "युनिट येतासा, साहेब. जरा बाजूक रवा."

संध्याकाळी मला भेटला तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. "युनिट येवक नाय, भाऊ. पण रिहर्सल बरी झाली!"

मी त्या मित्रांना फोन करून अशा शिव्या घातल्या की विचारू नका. एकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्याचा नंबर आम्हाला कोणी दिला?"

मीच दिला होता.

*

शेवटी तो सिनेमा टीव्हीवर लागला. विश्रामने सगळा वाडा घरी बोलावला. बायकोने शिरा केला होता. मीही गेलो. खरं सांगतो, वही खिशात घेऊनच गेलो. एकदाचं उघडं पाडायचं होतं!

तासाभराने फेरीबोटीचा सीन आला. खूप लांबून घेतलेला. बोटीवर माणसं म्हणजे नुसते ठिपके. सगळे टीव्हीच्या जवळ सरकले.

मग कोणीतरी ओरडलं, "तो बघ, लाल शर्टवालो!"

"नाय गे! टोपलेवालीच्या बाजूक तो!"

"खंय? पुढे उभो आसा तो विश्राम!"

बघता बघता तीन विश्राम सापडले. टाळ्या सुरू झाल्या. विश्राम उठला, टीव्हीसमोर उभा राहिला.

"आयका. खरा सांगतंय. माका बोटीत चढूकच दिल्यानी नाय. मी धक्क्यारच रवलंय."

हातात शिऱ्याचं ताट घेतलेली त्याची बायको म्हणाली, "ओगी बसा! आमका दिसलात तुमी."

पुन्हा टाळ्या. विश्राम माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी पेपरवाले. तुमी तरी सांगा हेंका!"

मी म्हणालो, "लाल शर्ट शोभत होता हां तुला!"